वॉर्डातल्या शिकवणीचा हिशेब: जनरल मेडिकल कौन्सिलला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
जनरल मेडिकल कौन्सिल, लंडन.



महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजातून मी एमबीबीएस झाले, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची आपली प्लॅब परीक्षा दिली आणि आता इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात मेडिसिनची रेसिडेंट डॉक्टर म्हणून काम करते. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या आपल्या नोंदवहीत माझे नाव आहे, म्हणून आपल्याला चार गोष्टी सांगण्याचा हक्क आहे असे मी धरून चालते. पत्र मराठीत आहे, कारण त्याच नोंदवहीत मुंबई, पुणे, नागपूर, मिरज, सोलापूर इथल्या कॉलेजांतून आलेले पुष्कळ जण आहेत. मागायचे आहे ते आपल्याकडे. सांगायचे आहे त्यातले थोडे त्यांनाही.

मागणी आधीच सांगून टाकते. ब्रिटनमधल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात, रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकवण्याचे काम फार मोठ्या प्रमाणात रेसिडेंट डॉक्टर करतात. हे काम आमच्या रोट्यात (पाळ्यांच्या वेळापत्रकात) नाही, रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टच्या हिशेबात नाही आणि आपल्या मान्यतेच्या यादीतही नाही. ते तिथे आणावे. त्यासाठी लागणारा अधिकार कौन्सिलकडे आहे.

बाहेरच्या वाचकाला हे काम दिसत नाही, म्हणून ते काय असते ते सांगते. सकाळच्या राउंडला कन्सल्टंट, रजिस्ट्रार, एक-दोन एफ-वन (पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाचे डॉक्टर) आणि मागे दोन विद्यार्थी असा ताफा असतो. कन्सल्टंट एखादा प्रश्न विचारतात, एखादा मुद्दा फार सुंदर उलगडतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. राउंड संपला की त्यांना क्लिनिक असते किंवा मीटिंग. विद्यार्थी उरतात ते आमच्यापाशी. हातात कामांची यादी, कमरेला ब्लीप (पेजर) आणि बाजूला विद्यार्थी, अशा अवस्थेत दुपारपर्यंत जे काही चालते ती खरी शिकवणी. दोन रुग्णांसाठी एकाच वेळी बोलावणे आले तर आधी कोणाकडे धावायचे? स्कॅन हवा असताना रेडिऑलॉजिस्टला फोनवर पहिल्या दोन वाक्यांत काय सांगायचे? कॅन्युला दोनदा चुकली तर तिसऱ्यांदा टोचायचे की दुसऱ्याला बोलवायचे? नातेवाइकांना वाईट बातमी द्यायची तर खोलीत आधी कोण बसते, पहिले वाक्य कोणते, गप्प किती वेळ राहायचे? "मला माहीत नाही, विचारून सांगते" हे रुग्णासमोर न लाजता कसे म्हणायचे? यातले थोडे पुस्तकात असते. बाकीचे माणूस दुसऱ्याला करताना पाहून शिकतो आणि ज्याला पाहतो तो बहुधा त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असतो.

हे जवळचे अंतर फार मोलाचे आहे. कन्सल्टंटला विचारायला विद्यार्थी बिचकतो, रेसिडेंटला विचारतो. काय अवघड जाते हे रेसिडेंटला ताजे आठवत असते, कारण त्यालाही ते कालपरवाच अवघड गेलेले असते. एफ-वनची आपल्याकडची नोंदणीच तात्पुरती असते. वर्ष पुरे झाल्यावर ती पूर्ण होते. म्हणजे जो शिकवतो तोही देखरेखीखालीच असतो. विद्यार्थ्याची तर आपल्याकडे नोंदणीच नसते. त्याने लिहिलेल्या केसपेपरवर खाली सही डॉक्टरची लागते. ती सही करताना रेसिडेंट स्वतःचा नोंदणी क्रमांक पणाला लावत असतो. एवढी जबाबदारी ज्या नात्यात आहे त्याला आजच्या व्यवस्थेत साधे नावही नाही.

हे नाते या देशाला नवे नाही. कवी जॉन कीट्स १८१५ साली लंडनच्या गाइज रुग्णालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी 'ड्रेसर' झाला. ड्रेसर म्हणजे सर्जनच्या हाताखालचा विद्यार्थी. जखमा बांधणे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हाताशी उभे राहणे ही त्याची कामे. कीट्स ज्यांच्या हाताखाली होता ते विल्यम ल्यूकस हाताने अडाणी सर्जन म्हणून ओळखले जात. शिकवणारा कोण भेटतो हा नशिबाचा भाग तेव्हाही होता. पण व्याख्यानाइतकेच वॉर्डातले उभे राहणेही शिक्षणाचा भाग आहे, एवढे त्या काळीही गृहीत होते.

वॉर्डाशिवाय मेडिकलचे शिक्षण होत नाही हे स्त्रियांइतके कोणी अनुभवले नसेल. एडिंबरा विद्यापीठाने १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणींना प्रवेश दिला. पण तिथल्या रॉयल इन्फर्मरीच्या वॉर्डांची दारे उघडण्यासाठी त्यांना वेगळी लढाई करावी लागली. १८७४ साली लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन सुरू झाले. इमारत होती, प्राध्यापक होते, विद्यार्थिनी होत्या, पण एकही मोठे रुग्णालय त्यांना वॉर्डात घेईना. १८७७ साली रॉयल फ्री रुग्णालयाने होकार दिला तेव्हा कुठे ती शाळा खऱ्या अर्थाने शाळा झाली. बारा वर्षांनी, १८८९ साली, मुंबईची एक तरुणी त्याच शाळेत दाखल झाली. लहानपणी लावून दिलेले लग्न मानायला नकार देऊन पती दादाजी भिकाजींनी भरलेला खटला लढवलेली रखमाबाई. तिला पाठबळ देणाऱ्यांत डॉ. एडिथ पीची होत्या. एडिंबराच्या त्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, आणि पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयात काम केलेल्या. रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी सुरतेत व राजकोटला दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. आधीच्यांनी वॉर्डाचे दार उघडून धरले नसते तर त्या आत कुठून जाणार होत्या?

कौन्सिललाही ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. १९२०च्या दशकात भारतीय विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांना प्रसूतीचा प्रत्यक्ष अनुभव पुरेसा मिळत नाही, असा आक्षेप आपणच घेतला होता. तो वाद वाढत गेला. भारतीय शिक्षणाची तपासणी कोणी करायची यावर तो अडला आणि १९३० साली आपण भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यातूनच १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. त्या निर्णयात साम्राज्याचा तोरा किती आणि रुग्णांची काळजी किती, याबद्दल इतिहासकार भांडोत. मूळ मुद्दा मात्र बरोबर होता: पदवीच्या कागदाला वजन येते ते देखरेखीखाली रुग्णाला हात लावलेला असल्यामुळे. तोच मुद्दा आज मी आपल्यापुढे ठेवते आहे, आपल्याच वॉर्डांबद्दल.

गेल्या पंचवीस वर्षांत इथे काय बदलले ते पाहू. पूर्वी 'फर्म' असे. एक कन्सल्टंट, त्याचा रजिस्ट्रार, सीनियर हाउस ऑफिसर, हाउस ऑफिसर आणि त्यांना जोडून दिलेले विद्यार्थी. आमच्याकडच्या 'युनिट'सारखीच ही रचना. फर्ममध्ये माणसे महिनोन्‌महिने एकत्र असत. कोणता विद्यार्थी कुठे अडतो हे हाउस ऑफिसरला माहीत असे. तासांचा हिशेब मात्र भयंकर होता. माणसे शनिवारी सकाळी आत जात आणि सोमवारी संध्याकाळी बाहेर येत. ते दिवस परत यावेत असे शहाणा माणूस म्हणणार नाही. २००५ साली पदवीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांचा फाउंडेशन प्रोग्रॅम आला, २००९ पासून युरोपीय नियमानुसार आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आली. रुग्णांसाठी आणि डॉक्टरांसाठी ही मर्यादा आवश्यकच होती. पण तास कमी करताना फर्म मोडली आणि तिच्या जागी पाळ्यांचा रोटा आला. फर्ममध्ये जे आपोआप होत असे ते रोट्यात मुद्दाम घालावे लागते, आणि ते कोणी घातलेच नाही.

आता एफ-वन दर चार महिन्यांनी विभाग बदलतो. मधल्या चार महिन्यांतही तो दिवसपाळी, रात्रपाळी, रजा असा फिरत असतो. विद्यार्थ्याची प्लेसमेंट काही आठवड्यांची. सोमवारी ज्या रेसिडेंटने त्याला हृदयाचा मर्मर ऐकवला, ती गुरुवारी रात्रपाळीला गेलेली असते. शुक्रवारी नवा चेहरा, पुन्हा ओळख, पुन्हा "तू कितव्या वर्षाला?" हा प्रश्न. आठवड्याच्या अखेरीस विद्यार्थी लॉगबुक घेऊन सह्या मागत हिंडतो आणि ज्याने त्याला एकदाही नीट पाहिलेले नाही असा कोणीतरी दयेपोटी सही करतो. ही सही कशाची असते? विद्यार्थ्याला काही येते याची नक्कीच नाही.

मग विद्यार्थी हळूहळू वॉर्डातून निघून जातात. "इथे माझा काही उपयोग होतोय का, की लायब्ररीत जाऊ?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यातली सभ्य निराशा आता लगेच ओळखता येते. रोट्यात दोन जागा रिकाम्या असलेल्या दिवशी रेसिडेंट म्हणतो, "जा, अभ्यास कर." तो वाईट शिक्षक नसतो. त्या दिवशी त्याच्यापुढे कामांची एवढी रास असते की विद्यार्थ्याची भर नको वाटते. रुग्णालयांनी यावर तोडगा काढला तो क्लिनिकल टीचिंग फेलो नेमण्याचा. फाउंडेशन संपवून एक-दोन वर्षे शिकवण्यासाठीच घेतलेले हे तरुण डॉक्टर फार चांगले शिकवतात. पण त्यांची शिकवणी बरीचशी सेमिनारच्या खोलीत आणि सिम्युलेशनच्या पुतळ्यावर होते. पुतळ्याला ताप चढतो, रक्तदाब उतरतो, पण त्याची मुलगी दारात उभी राहून "बाबांना घरी कधी सोडणार?" असे विचारत नाही.

आता आपली कागदपत्रे उघडते. ३० जानेवारी २०२४ पासून लागू असलेल्या 'गुड मेडिकल प्रॅक्टिस'मध्ये विद्यार्थ्यांना व डॉक्टरांना शिकवण्यास तयार असणे हे डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाचा भाग मानले आहे. म्हणजे शिकवणे ही आमच्यावर टाकलेली अपेक्षा आहे. २०१६ पासून लागू असलेल्या 'प्रमोटिंग एक्सलन्स' या मानकांत प्रशिक्षकांना त्यांच्या जॉब प्लॅनमध्ये शिकवण्यासाठी पुरेसा वेळ असला पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. वाचून बरे वाटते. पण जॉब प्लॅन असतो कन्सल्टंटला. रेसिडेंटला असतो रोटा. प्रशिक्षक म्हणून आपण रीतसर मान्यता देता त्या भूमिका चार: नेमून दिलेले एज्युकेशनल सुपरवायझर, नेमून दिलेले क्लिनिकल सुपरवायझर, रुग्णालयातल्या पदवी शिक्षणाचे समन्वयक आणि विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर लक्ष ठेवणारे डॉक्टर. वॉर्डात विद्यार्थ्याशेजारी दिवसभर उभी असलेली रेसिडेंट या चौघांत कुठेच नाही. अपेक्षा सर्वांकडून आणि वेळ चौघांना, असा हा हिशेब आहे.

पैशाचेही तसेच. इंग्लंडमध्ये मेडिकलच्या एका पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या क्लिनिकल प्लेसमेंटसाठी रुग्णालयाला वर्षाला ३०,००० पौंडांहून अधिक दर मिळतो. हा पैसा शिकवण्याच्या खर्चासाठी आहे. तो विभागापर्यंत किती पोहोचतो आणि त्यातून एका तरी रेसिडेंटचा एक तरी तास मोकळा होतो का, हे वॉर्डात उभे राहून कधीच कळत नाही. मी काम केलेल्या रुग्णालयांपैकी एकात मी हा प्रश्न विचारला तेव्हा मला नम्रपणे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवण्यात आले. उत्तर कुठेच मिळाले नाही.

आणि रेसिडेंटच्या बाजूने पाहिले तर फायदा कशात आहे? २०२५ साली स्पेशालिटी प्रशिक्षणाच्या सुमारे १०,००० जागांसाठी ३०,००० हून अधिक डॉक्टरांनी अर्ज केले. अशा गर्दीत प्रत्येक गुण मोलाचा. अनेक शाखांच्या अर्जांत शिकवण्याला गुण आहेत, पण ते आखलेल्या कार्यक्रमाला, फीडबॅकच्या अर्जांच्या गठ्ठ्याला, प्रमाणपत्राला. खाटेशी उभे राहून एका विद्यार्थ्याला पोट कसे तपासायचे हे शांतपणे दाखवण्याला गुण नाहीत, कारण त्याचा पुरावा कुठे अपलोड करणार? त्यामुळे हुशार रेसिडेंट संध्याकाळी ऑनलाइन व्याख्यानमाला आयोजित करतो आणि दुपारी वॉर्डातल्या विद्यार्थ्याला लायब्ररीत पाठवतो. दोष त्याचा नाही. आपण मोजतो तेच माणसे करतात.

इथे मला आमच्या बाजूचेही सांगायला हवे. गेल्या काही वर्षांत आपल्या नोंदवहीत येणाऱ्या नव्या डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक परदेशात शिकलेले आहेत. म्हणजे ब्रिटिश विद्यार्थ्याला वॉर्डात शिकवणारी व्यक्ती पुष्कळदा आमच्यासारखी असते. आम्ही ज्या मुशीतून आलो ती वेगळी. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयात युनिटचा इमर्जन्सी डे असला की रात्रभर कॅज्युअल्टीतून रुग्ण वर येत राहतात. त्या गर्दीत फर्स्ट इयर रेसिडेंट इंटर्नच्या हाताने इंट्राकॅथ लावून घेतो, रायल्स ट्यूब घालून घेतो, टाके घालायला लावतो. हात तयार होतो तो तिथेच. आमच्यातल्या अनेकांना आपल्या त्या वेळच्या रेसिडेंटचे नाव आजही प्राध्यापकांच्या नावाआधी आठवते. रुग्ण इतके आणि शिकवणारे हात इतके कमी, की शिकवणे हा कामाचाच भाग होऊन जातो.

पण त्याच रचनेची दुसरी बाजू आम्ही पाहिलेली आहे. तिथे रेसिडेंट हा विद्यार्थ्याचा 'सर' असतो, इंटर्न रेसिडेंटचा पडेल ते काम करणारा असतो, आणि फर्स्ट इयर थर्ड इयरपुढे मान वर करत नाही. अपमान हा शिकवण्याचाच प्रकार आहे असे मानणारे वरिष्ठ आम्हा सगळ्यांना भेटले आहेत. २०१९ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात तिथेच रेसिडेंट असलेल्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. वरिष्ठ रेसिडेंटनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल न्यायालय देईल. पण वॉर्डातली उतरंड किती धारदार असू शकते हे त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक मेडिकल कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये बोलले जात होते.

इथे विद्यार्थी आम्हाला पहिल्या नावाने हाक मारतो. सुरुवातीला ते कानाला खटकते, मग आवडू लागते. पण हाक बदलली म्हणून सत्ता जात नाही. लॉगबुकवरची सही रेसिडेंटच्या हातात असते आणि विद्यार्थ्याला ती हवी असते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका इंग्लिश मेडिकल स्कूलच्या विद्यार्थ्यांना त्यांनी केलेल्या गुप्तांगांच्या तपासण्यांबद्दल विचारले होते. भुलीखाली किंवा गुंगीत असलेल्या रुग्णांच्या अशा तपासण्यांपैकी जवळपास पाव तपासण्यांना पुरेशी संमती घेतलेली दिसत नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले, ते चांगलेच झाले. पण त्या अभ्यासाचा धडा संमतीच्या अर्जापुरता नाही. वरिष्ठ म्हणाला "कर", तर विद्यार्थ्याला "नको" म्हणणे जड जाते. ते म्हणण्याचे बळ त्याला कोण देणार? ज्या रेसिडेंटशी त्याची दोन दिवसांची तोंडओळख आहे ती देऊ शकत नाही. महिनाभर सोबत काम केलेली देऊ शकते. विश्वास बसायला दिवस लागतात, आणि आजच्या रोट्यात नेमके तेच मिळत नाहीत.

याचा रुग्णांशी काय संबंध, असे कोणी विचारेल. इंग्लंडमध्ये नवे डॉक्टर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी रुजू होतात. जुलैतला विद्यार्थी ऑगस्टमध्ये डॉक्टर असतो. इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००० ते २००८ या वर्षांतल्या नोंदी तपासल्या. त्या बुधवारी तातडीने दाखल झालेल्या रुग्णांत मृत्यूची शक्यता, आधीच्या आठवड्यातल्या बुधवारच्या तुलनेत, ६ टक्के अधिक असल्याचे त्यांना आढळले. त्यानंतर २०१२ पासून नव्या एफ-वनना रुजू होण्यापूर्वी किमान चार दिवस पगारी 'शॅडोइंग' सक्तीचे झाले. म्हणजे आधीच्या एफ-वनच्या मागे मागे फिरून त्याचे काम पाहणे. धोका दिसल्यावर व्यवस्थेने जो उपाय निवडला तो पाहा: एका तरुण डॉक्टरला दुसऱ्या तरुण डॉक्टरच्या बाजूला उभे करणे. मग हा उपाय शेवटच्या चार दिवसांपुरताच का?

२०२० च्या वसंतात कोविडने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लवकर पदवी देऊन 'इंटरिम एफ-वन' म्हणून वॉर्डात आणले गेले. त्यांच्या बाजूला उभे राहणारे पुन्हा रेसिडेंटच होते, स्वतः घाबरलेले, मास्कआडून बोलणारे. संकटात या नात्यावर विसंबायचे आणि शांततेच्या काळात ते मोजायचेच नाही, हे बरोबर नाही.

पुढे तर भार वाढणारच आहे. जून २०२३ च्या एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) मनुष्यबळ आराखड्यात २०३१-३२ पर्यंत इंग्लंडमधल्या मेडिकलच्या जागा ७,५०० वरून १५,००० करण्याचे उद्दिष्ट होते. सरकारे बदलतील, आकडा वरखाली होईल. पण विद्यार्थी वाढले तर त्यांना उभे राहायला वॉर्ड लागतील आणि वॉर्डात शेजारी उभे राहायला माणूस लागेल. विद्यापीठ वर्गखोली वर्षात बांधू शकते. शिकवायला वेळ असलेली रेसिडेंट अशी बांधून मिळत नाही.

आपले उत्तर काय असेल याचा मला अंदाज आहे. करार आणि रोटा ही एनएचएसच्या मालकांची आणि सरकारची बाब, कौन्सिलची नाही, असे आपण म्हणाल. खरे आहे. पण कन्सल्टंटच्या जॉब प्लॅनमधला वेळही आपण ठरवत नाही. तो असलाच पाहिजे एवढे मानक आपण घालून दिले आणि रुग्णालयांना ते पाळावे लागते. दुसरे उत्तर असे येईल की रोट्यातच माणसे कमी आहेत, रुग्ण थांबलेले आहेत, शिकवायला वेळ कुठून आणायचा? पण फाउंडेशन डॉक्टरांना स्वतःच्या विकासासाठी आठवड्याला दोन तास राखून ठेवण्याची पद्धत अलीकडेच सुरू झाली, आणि त्यामुळे वॉर्ड बंद पडले नाहीत. शिवाय नीट जोडून घेतलेला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी वॉर्डाला ओझे नसतो. तो रक्त काढतो, केस घेतो, नातेवाइकांशी बोलून माहिती आणतो. तिसऱ्या आठवड्यापासून तो रेसिडेंटचा वेळ वाचवू लागतो. पण त्यासाठी त्याने तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याच वॉर्डात टिकायला हवे.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली: ज्या विभागात विद्यार्थी येतात तिथल्या रेसिडेंटच्या रोट्यात शिकवण्यासाठी आठवड्याला किमान दोन तास ब्लीपशिवाय राखून ठेवलेले असावेत, आणि 'प्रमोटिंग एक्सलन्स'मध्ये रोट्याचा तसा स्पष्ट उल्लेख यावा.

दुसरी: प्रत्येक विद्यार्थ्याला प्लेसमेंटच्या पहिल्या दिवशी एका रेसिडेंटचे नाव दिले जावे. तो रात्रपाळीला गेला तर विद्यार्थ्यानेही त्याच्यासोबत एक-दोन रात्री काढाव्यात. रात्री वॉर्ड कसा असतो हे डॉक्टर होण्याआधीच कळलेले बरे. लॉगबुकवरची सही शक्यतो त्याच रेसिडेंटची असावी. आणि त्या रेसिडेंटविरुद्ध काही सांगायचे असेल तर सहीशी संबंध नसलेली दुसरी व्यक्ती विद्यार्थ्याला माहीत असावी.

तिसरी: चार मान्य भूमिकांना पाचवी जोडावी. त्यासाठी अवजड अर्ज नकोत. एका दिवसाचे प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांचे थेट मत पुरे. परदेशातून आलेल्या डॉक्टरांना इथल्या अध्यापनाची रीत समजून घ्यायला तो दिवस विशेष उपयोगी पडेल. त्या मान्यतेला स्पेशालिटीच्या अर्जांत वजन मिळावे, म्हणजे खाटेशी शिकवणारा माणूस व्याख्यानमाला भरवणाऱ्याच्या मागे पडणार नाही.

चौथी: आपण दरवर्षी घेत असलेल्या राष्ट्रीय प्रशिक्षण सर्वेक्षणात प्रशिक्षणार्थी डॉक्टर आणि प्रशिक्षक यांना विचारले जाते, विद्यार्थ्यांना नाही. त्यांनाही विचारा. "गेल्या आठवड्यात तुमच्या रेसिडेंटने तुम्हाला एका रुग्णापाशी उभे राहून शिकवले का?" एवढा एक प्रश्न पुरेल. उत्तरे रुग्णालयाच्या नावानिशी छापा. विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा कुठे जातो हा प्रश्न मग रुग्णालयांना आपोआप पडेल.

आता शेवटचे, माझ्या मराठी सहकाऱ्यांसाठी. कौन्सिलने यातले काही मान्य करेपर्यंत आपल्याला थांबण्याची गरज नाही. वॉर्डात उद्या सकाळी विद्यार्थी येईल तेव्हा त्याचे नाव विचारा आणि लक्षात ठेवा. त्याला एक रुग्ण द्या, दुपारी त्याच्याकडून केस ऐका, चुकले तर रुग्णासमोर नको, बाजूला घेऊन सांगा. आपल्या युनिटमधून हात तयार करण्याची चिकाटी इथे आणा. तिथला दरारा तिथेच राहू द्या. आणि शिकवलेल्या प्रत्येक तासाची नोंद ठेवा. आज ती कोणी मागत नाही. मागण्याची वेळ येईल तेव्हा आपल्याकडे पुरावा असला पाहिजे.

मा. अध्यक्ष, १९२०च्या दशकात आपण भारतीय कॉलेजांना विचारले होते की तुमच्या विद्यार्थ्यांना रुग्णापाशी उभे राहून कोण शिकवते आणि त्याची तपासणी कोण करते. तोच प्रश्न आता आपल्या रुग्णालयांना विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

कळावे,

आपली विश्वासू,
एक मराठी रेसिडेंट डॉक्टर
इंग्लंड